शिटी फक्त इंजिन चालू असताना

१

माझा थोरला भाऊ घराखालच्या गॅरेजमध्ये, त्याच्या जुन्या गाडीत मेलेला सापडला. शटर खालपर्यंत ओढलेलं, इंजिन चालू, आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर मान मागे टाकून बसलेला. वहिनी चहासाठी हाक मारायला गेली तेव्हा तिने शटर वर ढकललं आणि आतला धूर तिच्या अंगावर आला. पोलीस आले आणि बघून गेले. निवृत्त माणूस, लेकीचं मोडत आलेलं लग्न, बंद गॅरेज. त्यांचा हिशोब चटकन जुळला आणि त्यांनी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं.

मला तो हिशोब पटला नाही. बहीण म्हणून पटला नाही म्हटलं असतं तर कुणी ऐकून घेतलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे.

पण भाची गप्प झाली होती ते काही बघवत नव्हतं. दादाची ही एकुलती एक लेक शाळेत भाषा शिकवते. बाप गेल्याचं कळल्यावर धावत आली ती परत गेलीच नाही. खोलीत बसून राहायची आणि ताटातला घास ताटात ठेवून उठायची. सगळे निघून गेल्यावर एकदा मी तिच्या केसांना तेल लावत होते. तेव्हा मागे न बघताच ती म्हणाली, ‘आत्या, बाबांना मी मारलं.’

मी विचारलं, म्हणजे काय. आईला काही सांगू नकोस एवढंच ती म्हणाली आणि उठून गेली.

पोलिसांकडून गाडीची किल्ली परत आली होती. त्या दिवशी मी ती वहिनीकडून मागून घेतली. दादा तर गेलाच होता, पण ही पोर जिवंतपणी हातातून जात होती, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

२

माझा धंदा गाड्यांमध्ये टेप, स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बसवायचा. खरं सांगायचं तर बसवण्यापेक्षा दुसऱ्यांनी बसवलेलं निस्तरायचाच जास्त. स्पीकर क्वचितच बिघडलेला असतो. बिघाड असतो तो त्याला मिळणाऱ्या विजेत. कुठे फ्यूज भलत्याच मापाचा टाकलेला असतो, कुठे वायर बारीक पडते, तर कुठे बोल्ट सैल राहिलेला असतो. गिऱ्हाईक मात्र स्पीकरलाच शिव्या देत येतं.

दादाला या कशातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होता. माझ्या बोलण्यातला एखादा शब्द चुकला की भर जेवणात घास खाली ठेवून दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी, दोनदा रंग मारलेली गाडी घेतली आणि तिच्यात गाणं स्वतःच्या हाताने बसवायचा पण केला. मला बजावलं होतं, तू हात लावायचा नाहीस, पाहुणी म्हणून ऐकायला ये. मी म्हटलं, बरं बाबा, फक्त पेट घेऊ नकोस. आणि इंजिन चालू करशील तेव्हा शटर वर ठेव, हेही सांगितलं होतं. तो ऐकायचा. विसरभोळा होता, पण बेफिकीर नव्हता.

मी डिकी उघडली. अॅम्प्लिफायर नीट पट्टीवर कसलेला होता. त्याच्या शेजारी पत्र्यावर बोटाएवढ्या जागी रंग खरवडून काढला होता आणि खालचा लोखंडी पत्रा उघडा पडून चकाकत होता. जरा पलीकडे आणखी एक तसाच डाग होता. मागची सीट उचलली तर तिथल्या बोल्टाभोवतीही खरवडलेलं, आणि डिकीच्या झाकणाच्या कडीपाशीही. पॉलिश पेपरचा चुरगळलेला तुकडा गालिच्याखाली मिळाला. एक लांबलचक काळी वायर अॅम्प्लिफायरपासून सुटून पुढच्या सीटपर्यंत नुसतीच पसरली होती. पोलिसांनी ती पाहिली असणार, पण अशा गाडीत वायर लोंबायचीच, असं त्यांना वाटलं असेल.

पुढे टेपचं बटण बघितलं. आवाज पार शून्यावर होता. पेनड्राइव्ह लावलेलाच नव्हता, तो दादाच्या शर्टाच्या खिशात सापडल्याचं वहिनीने सांगितलं होतं.

म्हणजे तो गाणं ऐकत नव्हता. मग इंजिन चालू करून, गाणं न लावता तो बसला होता कशाला? पोलिसांच्या दृष्टीने याचं एकच उत्तर होतं.

बाहेर येऊन मी शटरकडे बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते शटर वर गेलं की उंच जाऊन बसतं. खाली ओढायला आकड्याची सळई लागते. वर ढकलायला लागत नाही, वाकून मुठीला धरून उचललं की झालं. दादाचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला, हात डोक्याच्या वर जात नव्हता. सळईशिवाय त्याला ते शटर ओढता येणं शक्यच नव्हतं.

त्याने आतून ओढलं असतं तर सळई आत राहिली असती. पण ती बाहेर होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. मी वहिनीला विचारलं, ही तू नंतर हलवलीस का. ती म्हणाली, नाही, त्या दिवसापासून कुणी हातच लावलेला नाही.

म्हणजे शटर बाहेरून ओढलं गेलं होतं.

३

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते वरच्या काकांचं. दादाच्या डोक्यावर राहणारा हा गृहस्थ आवाजाच्या बाबतीत भलताच हळवा. कुणी खुर्ची सरकवली तरी हा खाली येणार. दादाच्या गाडीवरून दोघांची जुंपलीही होती.

मी वर गेले. काकांनी दार किलकिलं उघडलं आणि मला बघून पूर्ण उघडलं. बिचारे खंगले होते. मी आडवळण न घेता विचारलं, त्या दुपारी तुम्ही शटर ओढलंत का.

ते रागावले नाहीत, हेच मला आधी खटकलं. म्हणाले, ओढायला जाणार होतो. चपला घातल्या होत्या. खाली बघतो तर शटर बंद झालेलं. मग मी परत आत आलो. तेव्हा खाली गेलो असतो तर, असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

मी विचारलं, नेमकं काय ऐकू येत होतं? तर म्हणाले, गाणं असतं तर एक वेळ सहन केलं असतं, पण नुसतं इंजिन. एकदा घुर्र करून चढवायचं, मग सोडायचं. परत चढवायचं, परत सोडायचं. कितीतरी वेळ तेच. मध्येच फोन आला असावा, कारण तुझा भाऊ ‘हॅलो, हॅलो’ करून ओरडत होता. नंतर काहीतरी मोठ्याने बोलला. आणि थोड्या वेळाने शटर खाली आलं.

‘शटर ओढताना कोण होतं, दिसलं का?’

काका खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘माणूस दिसला नाही मला. आणि दिसला असता तरी आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?’

त्यांना दिसलं होतं. एवढं खोटं मला कळतं.

४

दादाला ते अॅम्प्लिफायर विकलं होतं माझ्याच धंद्यातल्या एका भिडूने. त्याला सगळे बेसवाला म्हणतात, कारण त्याच्या गाडीतला ढोल आधी येतो आणि मागून गाडी येते. दादाला माझ्याकडून फुकटात मिळालं असतं, पण मग मी हात लावला असता. म्हणून गेला त्याच्याकडे.

मी दुकानात पाय ठेवला तसा बेसवाला उभाच राहिला. त्याला वाटलं, मी भांडायला आले. नाही म्हटलं तरी आले होतेच. पण त्याने सांगितलं ते ऐकून माझं भांडण जागीच विरलं. दादा जायच्या आदल्या दिवशी इथे येऊन गेला होता. म्हणाला, गाण्याच्या मागे बारीक शिटी वाजते. बेसवाल्याने त्याला सांगितलं होतं, आधी अर्थ बघा, मग पुढचं. दादा हसत बाहेर पडला होता. कशाला हसले कुणास ठाऊक, बेसवाला म्हणाला.

मी दुकानातली भरलेली बॅटरी घेऊन परत आले. दादाच्या गाडीतली पार उतरली होती. सुटलेली काळी वायर डिकीतल्या एका बोल्टाला अडकवली. शटर पूर्ण वर करून, दोन्ही दारं उघडी टाकून किल्ली अर्धी फिरवली आणि टेप लावला. आवाज शून्यावर. स्पीकर शांत. मग इंजिन चालू केलं.

शिटी आली. बारीक, कानाच्या कोपऱ्यात टोचणारी. पाय दाबला तशी ती वर चढली, पाय सोडला तशी उतरली. आवाजाचं बटण कुठेही फिरवा, तिला फरक पडत नव्हता. इंजिन बंद केलं की ती गायब.

वहिनी बाहेर जिन्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी परत इंजिन चालू केलं आणि तिला हाक मारून विचारलं, ‘ऐकू येतंय का गं?’

‘काय?’

‘ही शिटी.’

तिने बराच वेळ कान दिला. मग मान हलवली. ‘कसली शिटी? मला नाही येत काही ऐकू.’ तिचा चेहरा अचानक उतरला आणि ती पदर तोंडाला लावून वर निघून गेली. मी तिला थांबवायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष त्या आवाजात होतं.

शिटी ऐकायची तर इंजिन चालू ठेवणं भागच होतं. आणि ती कमी होते की नाही हे बघायचं तर इंजिन चढवून सोडायला हवं, पुन्हा पुन्हा. मरायला बसलेला माणूस पत्रा खरवडून बोल्ट बदलत नाही, हे मला पटलं. पण भाचीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, ‘आत्या, तू माझ्या समाधानासाठी म्हणतेस. मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.’

५

मग मात्र मी तिला सोडलं नाही. दाराला कडी घातली आणि समोर बसले. म्हटलं, काय ऐकलंस ते शब्दाला शब्द सांग. तू शिक्षिका आहेस, बापाची लेक आहेस, एकही शब्द इकडचा तिकडे नको.

तिला फार वेळ लागला. त्या दिवशी तिला कळलं होतं की दादा तिला न विचारता तिच्या नवऱ्याला भेटून आला. समेट करायला. तिचं डोकं फिरलं आणि तिने फोन केला. म्हणाली, शनिवारी मला न्यायला गाडी घेऊन येऊ नका, मी येणार नाही. आणि पुढे म्हणाली, तुमचं तोंड बघायची इच्छा नाही माझी.

‘मग?’

‘मग बाबा म्हणाले,’ ती भिंतीकडे बघत म्हणाली, ‘अर्थच मिळत नाहीये गं कुठे. किती शोधला. आज काय ते संपवूनच टाकतो.’

मी तोंडावर हात ठेवला. मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग असं रडू आलं की भाची घाबरून मला पाणी द्यायला उठली. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासणाऱ्या माणसाचं शेवटचं वाक्य त्याच्या लेकीने असं वाचलं होतं. आणि तिचा तरी काय दोष? तिच्या जगात त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही.

मी तिला हात धरून खाली गॅरेजमध्ये नेलं. वहिनीलाही हाक मारली. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

‘आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे अर्थिंग, ही काळी वायर,’ मी म्हटलं. ‘लाल वायरीने वीज येते, ती परत जायला गाडीचा पत्रा लागतो. काळी वायर उघड्या पत्र्याला घट्ट कसली की आम्ही म्हणतो, अर्थ मिळाला. या गाडीला दोन थर रंग आहे. बोल्ट रंगावर बसतो, पत्र्याला टेकतच नाही. मग अर्थ मिळत नाही आणि स्पीकरमध्ये इंजिनाची शिटी शिरते. हे बघ, इथे खरवडलंय. इथे. सीटखाली. कडीपाशी. सगळीकडे तो अर्थच शोधत होता. बेसवाल्याने शब्द सांगितला तेव्हा हसला, कारण त्याला गंमत वाटली. मी ओळखते ना त्याला. आणि आज संपवून टाकतो म्हणजे हे काम संपवतो. शनिवारी तुला आणायला जायचं होतं ना.’

भाचीने वाकून त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिली.

‘पण मी बोलले ते तर ऐकलं ना त्यांनी.’

‘नाही ऐकलं. इंजिन चालू, रस्ता समोर. वरच्या काकांनी ऐकलंय, तो हॅलो हॅलो ओरडत होता. तू काय बोललीस ते त्याला कळलं असतं तर त्याने तुला वायरीची रडगाणी सांगितली असती का? त्याला वाटलं, तू विचारतेयस काय चाललंय. त्याने सांगितलं, काय चाललंय.’

‘कशावरून, आत्या? कळलंही असेल. कळलं म्हणूनच शटर ओढलं असेल.’

‘शटर त्याने नाही ओढलं,’ मी म्हटलं. ‘सळई बाहेर होती.’

आणि मग मला पायरीवर बसलेल्या वहिनीकडे बघावं लागलं. काकांनी कुणाला वाचवायचा प्रयत्न केला होता, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

६

‘मी ओढलं,’ वहिनी म्हणाली.

तिने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की भाचीला क्षणभर कळलंच नाही. वहिनीने मान खाली घातली होती. पोलिसांना तिने सांगितलं होतं, मी झोपले होते. ते खोटं नव्हतं, शटर ओढून ती वर जाऊन झोपलीच होती. रस्त्याचा गोंगाट, वर इंजिन, आणि त्यात दादाने तिला हाक मारून शटर ओढायला सांगितलं होतं. म्हणाला होता, शिटी नीट ऐकू येत नाही, पाच मिनिटं बंद कर. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. तो सांगतो म्हणजे बरोबरच असणार, असं मानून तिने संसार केला होता.

‘आणि मला कसलीच शिटी ऐकू येत नव्हती,’ ती म्हणाली. ‘तेव्हाही नाही, मघाशीही नाही. मला वाटलं, शिटी-बिटी काही नव्हतीच. ह्यांनी बहाणा केला. लेकीच्या काळजीने झोप उडाली होती त्यांची. मला वाटलं, मरायचं होतं आणि ते माझ्या हाताने करून घेतलं.’

वहिनीचे कान उतारवयाने बारीक आवाजाला बंद झाले होते. शिटी तिच्या समोर वाजत होती आणि तिला ऐकू येत नव्हती, एवढंच. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, वहिनी, शिटी होती. मी ऐकली, बेसवाल्याला विचार, काकांना इंजिनाचं विचार. त्याने बहाणा केला नाही. तो विसरला. मी सांगितलं होतं ते एक वाक्य तो विसरला आणि आपला माणूस गेला.

आई आपल्या हाताचं लपवत होती आणि लेक आपल्या तोंडचं. एका घरात, एका ताटात जेवून, दोघी एकमेकींना वाचवत होत्या आणि दोघी आतून संपत चालल्या होत्या. मला त्या क्षणी दादाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला बडवला असता.

भाची आईजवळ आली आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने विचारलं, ‘आई, शटर ओढ म्हणाले तेव्हा आणखी काय म्हणाले? रागावलेले होते का? रडत होते?’

वहिनीने माझ्याकडे बघितलं. पुढचं काहीतरी होतं आणि ते सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी मानेनेच सांग म्हटलं. लपवालपवी पुरे झाली होती, असं मला वाटलं. आजही वाटतं, पण तितक्या ठामपणे नाही.

‘रडत कशाला असतील?’ वहिनी म्हणाली. ‘खुशीत होते. म्हणाले, पोरीचा फोन होता, पण एक शब्द कळला नाही या कलकलाटात. शटर ओढ. म्हणजे शिटीही ऐकू येईल आणि तिचा परत फोन आला तर तोही.’

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि शटरच्या पट्ट्या खडखडल्या.

‘त्यांना वाटलं, मी परत करेन,’ भाची म्हणाली.

‘नेहमी करायचीस ना गं,’ वहिनी म्हणाली. ‘कितीही भांडलीस तरी तासाभरात करायचीस.’

वहिनीच्या बोलण्यात टोचणी नव्हती, नुसती आठवण होती. भाचीने आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. बाप तिच्यावर रुसून गेला नव्हता. तो तिच्या फोनची वाट बघत बसला होता. यातलं कुठलं जास्त दुखतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत होती, त्याच हाताने, आणि मी खाली बघून पान्हे आवरत होते, कारण तिथे माझं दुसरं काही काम उरलं नव्हतं.